क्लबचा एकदिवसीय ट्रेक कसा आखावा: राजगडाच्या उदाहरणासह

गटाचे ट्रेक फसतात त्याला पाऊस किंवा अवघड वाट क्वचितच कारणीभूत असते. बहुतेक वेळा चूक आराखड्यातच असते. वेळ काढलेली असते चांगल्या चालणाऱ्याच्या पायांनी आणि डोंगर चढत असतो सगळ्यात सावकाश चालणारा. मग दुपारचे दोन वाजतात, निम्मा गट बालेकिल्ल्यावर, निम्मा माचीवर, आणि उतरायला अंधार.

खालचा क्रम पुण्याहून निघणाऱ्या, २० जणांच्या, नवे-जुने मिसळलेल्या गटासाठी आहे. उदाहरण राजगडाचं, डिसेंबरमधल्या रविवारचं. किल्ला बदलला तर आकडे बदलतील, क्रम बदलू नका.

१. आधी वाट ठरवा, मग तारीख

"राजगड करूया" एवढ्यावर ट्रेक जाहीर करू नका. राजगडावर गुंजवण्याकडून चोर दरवाजाने चढता येतं, पालीकडून पाली दरवाजाने चढता येतं, आणि दोन्ही वाटांचा स्वभाव वेगळा आहे. गुंजवण्याची वाट शेवटी खडी होते, चोर दरवाजाखालचा कातळटप्पा रेलिंग धरून चढावा लागतो. पालीची वाट रुंद आहे, वरच्या भागात पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्याला तीच बरी. हरिश्चंद्रगडाचंही असंच: पाचनईकडून जाणारा आणि नळीच्या वाटेने जाणारा, दोघांचा किल्ला एकच, पण ट्रेक एक नाही. जाहिरातीत वाटेचं नाव आलंच पाहिजे, म्हणजे माणूस स्वतःला तोलून नाव देईल.

मिश्र गटासाठी चढायला आणि उतरायला एकच वाट घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत. एका बाजूने चढून दुसरीकडे उतरणं आकर्षक वाटतं, पण त्यात मधून परत फिरणाऱ्याला गाडी सापडत नाही. तसंच करायचं असेल तर ड्रायव्हर कधी आणि कुठल्या रस्त्याने दुसऱ्या गावी जाईल ते लिहून द्या. गुंजवणे आणि पाली डोंगरावरून जवळ वाटतात, गाडीला मात्र फिरून यावं लागतं. या लेखात आपण पालीने चढून पालीनेच उतरणार आहोत.

ऋतूचा हिशेब वाटेबरोबरच करा. जून ते सप्टेंबर कातळ निसरडा, ओढे भरलेले. ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत, पायवाट झाकलेली. डिसेंबरनंतर तेच गवत वाळून पायाखाली सरकतं, आणि फेब्रुवारीपासून उतारावर घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी. मार्चनंतर गडावरच्या, कातळात खोदलेल्या टाक्यांचं पाणी आटत जातं.

तपासा: चढाची वाट, उतराची वाट, आणि मध्येच एकाला खाली आणायचं झालं तर कुठून आणायचं, ही तिन्ही उत्तरं कागदावर आहेत का?

२. पाहणी करा, तीही अलीकडची

दोघा-तिघांनी ट्रेकआधी दोन-तीन आठवड्यांत ती वाट पूर्ण चालून यावी. पावसाळ्यात आठवडाभरापूर्वीची पाहणीसुद्धा जुनी होते, कारण दरड येते, रेलिंग निसटतं, ओढ्याचं पात्र बदलतं. "मी दहा वेळा गेलोय" ही पाहणी नव्हे.

पाहणीत या गोष्टी लिहून आणा:

- वाटेला फुटणारे सगळे फाटे. सह्याद्रीत माणसं चुकतात ती बहुतेक ढोरवाटांनी, कारण रोज गुरं जाऊन त्या खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या दिसतात. प्रत्येक फाट्याचा फोटो दोन्ही दिशांनी काढा. उतरताना तो फाटा वेगळाच दिसतो.
- मोबाईलला रेंज कुठे येते आणि कुठल्या कंपनीची.
- पाणी कुठे आहे, पिण्याजोगं आहे का, आणि गावकऱ्यांच्या मते ते कधीपर्यंत टिकतं.
- कड्यांवर, कमानीत, झाडांवर आग्या मोहोळ आहे का. वाटेला लागून मोहोळ असेल तर तो भाग रद्द. यावर चर्चा नको.
- जवळचं ग्रामीण रुग्णालय, तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का.

वाट मोबाईलच्या जीपीएस ॲपमध्ये नोंदवून घ्या आणि नकाशा ऑफलाइन उतरवा. नुसत्या नोंदीवर विसंबू नका, कारण इंटरनेटवर मिळणाऱ्या नोंदींत चुकलेल्या माणसाच्या फेऱ्याही असतात.

३. वेळ उलटी मोजा

सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात, म्हणून इथे सावकाश.

चालण्याच्या वेळेचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तो काटक, सरावलेल्या माणसासाठी आहे. आपल्या उन्हात आणि मिश्र गटात आलेल्या वेळेला दीडने गुणा, नवखे जास्त असतील तर पावणेदोनने. त्यावर दर तासाला दहा मिनिटं विश्रांतीची.

समजा पायथ्यापासून पद्मावती माचीपर्यंत अंतर ३ किलोमीटर आणि चढ ६०० मीटर धरला. नेस्मिथने ३६ मिनिटं अधिक एक तास, म्हणजे १ तास ३६ मिनिटं. दीडने गुणल्यावर सुमारे २ तास २५ मिनिटं. विश्रांती धरून पावणेतीन तास. उतरायला सव्वादोन तास धरा. उतार निम्म्या वेळात होतो हा गैरसमज आहे, नवख्यांचे गुडघे आणि घसारा तसं होऊ देत नाहीत.

आता मागून पुढे या. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शेवटचा माणूस पायथ्याला चार वाजता हवा. हे दोन तास पाय मुरगळणाऱ्यासाठी राखून ठेवलेले आहेत, ते फोटोंना वापरायचे नाहीत.

- ४:०० शेवटचा माणूस पायथ्याला
- १:४५ पद्मावती माचीवरून उतरायला सुरुवात
- १२:४५ ते १:३० जेवण, मग मोजणी
- १०:४५ ते १२:३० बालेकिल्ला
- १०:३० शेवटचा माणूस माचीवर
- ७:४५ चढायला सुरुवात
- ७:०० पायथ्याला, नाश्ता
- ४:४५ पुण्याहून गाडी सुटणार

बालेकिल्ल्याला पावणेदोन तास जास्त वाटतील. महादरवाजाकडे जाणाऱ्या कातळातल्या पायऱ्या अरुंद आहेत, येणारे-जाणारे एकाच वाटेवर असतात, आणि रविवारी तिथे रांग लागते. २० जणांना एकेक करून चढवायला-उतरवायला तेवढा वेळ लागतोच.

या तक्त्यात सुवेळा आणि संजीवनी या राजगडाच्या दुसऱ्या दोन माच्या बसत नाहीत. बसवूही नका. एका दिवसात, मिश्र गटासह, बालेकिल्ला किंवा एक माची. तिन्ही करायचं असेल तर मुक्काम लागतो, आणि गडावरच्या मुक्कामाचे नियम बदलत असल्याने ते आधी विचारावे लागतात.

शेवटी दोन वेळा ठरवा आणि सगळ्यांना आधीच सांगा. ११:३० पर्यंत शेवटचा माणूस माचीवर नसेल तर बालेकिल्ला रद्द. १२:३० ला गट अजून वाटेतच असेल तर जिथे आहोत तिथून परत. डोंगरावर उभं राहून हा निर्णय घ्यायला गेलं की "अजून अर्धाच तास" म्हणणारे नेहमी जास्त असतात. तो घरी, कागदावर घेतलेला असावा.

इशारा: मुंबईकरांनी लोकलने परतायचं असेल तर शेवटच्या गाडीवर आराखडा बांधू नये. तिच्या आधीची गाडी धरावी.

४. माणसं: कोणाला घ्यायचं, कोणी काय करायचं

नोंदणी अर्जात वय, रक्तगट, घरचा फोन, चालू औषधं, आणि दमा, मधुमेह, रक्तदाब, फिट्स, हृदयविकार, अॅलर्जी यांची माहिती घ्या. ही माहिती ग्रुपवर विचारू नका, कोणी खरं लिहिणार नाही. फक्त लीडर आणि प्रथमोपचार बघणारा यांच्याकडे ती जाईल असं स्पष्ट लिहा.

नवख्याच्या क्षमतेबद्दल "फिट आहात का" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण जिमला जाणारा हो म्हणतो आणि चढावर बसतो. पुण्यात सोपी कसोटी आहे: आतकरवाडीकडून सिंहगड न थांबता, सव्वा तासाच्या आत. दीड तास लागला तरी चालेल, पण त्याला लीडरने ओळखून ठेवावं. दोन तासांहून जास्त लागत असतील त्याला आधी सिंहगडच्याच दोन-चार वाऱ्या सांगा. नाही म्हणायला संकोच करू नका.

२० जणांमागे जबाबदारीची माणसं चार:

- आघाडीचा: वाट माहीत असलेला, वेगावर ताबा असलेला. सगळ्यात वेगवान माणूस इथे नको.
- पिछाडीचा: गटातला सर्वांत अनुभवी आणि शांत माणूस. त्याच्या मागे कोणीही राहायचं नाही. क्लब इथे उत्साही नवख्याला ठेवतात, ती मोठी चूक आहे. अडचण मागेच येते आणि ती सोडवणाराही मागेच हवा.
- मधला: मोजणी आणि निरोप.
- प्रथमोपचार बघणारा: गटाच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात.

पाचवा माणूस शहरात. त्याच्याकडे सगळ्यांची यादी, वाट, गाडीचा नंबर आणि एक वेळ दिलेली असते: संध्याकाळी साडेसातपर्यंत फोन आला नाही तर त्याने कोणाला कळवायचं हे ठरलेलं हवं.

५. गाडी, गाव, पैसे

ड्रायव्हर रात्रभर दुसरीकडे गाडी चालवून पहाटे आपल्याकडे येणार नाही, याची खात्री गाडी ठरवतानाच करा. आपण चढत असताना त्याला झोपायला जागा आणि जेवण मिळेल असं बघा. परतीचा प्रवास थकलेल्या ड्रायव्हरबरोबर करणं चढापेक्षा धोक्याचं आहे.

नाश्ता आणि जेवण गावात सांगायचं असेल तर दोन दिवस आधी ठरलेला आकडा कळवा, सकाळी पुन्हा फोन करा. २० जणांचं पिठलं-भाकरी सांगून १४ जण गेलात तरी पैसे २० जणांचे द्या. वाटाड्या घेणार असाल तर मेहनताना निघण्यापूर्वी बोला. जंगलातल्या फसव्या वाटांना वाटाड्या घ्याच, यात कमीपणा नाही.

अभयारण्यातून जाणारी वाट असेल, जसं कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकर, तर वनखात्याचा नाका, शुल्क आणि वेळा विचारून घ्या. पावसाळ्यात धबधबे आणि काही गडवाटांवर जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. तो आदल्या आठवड्यात पुन्हा तपासावा लागतो. बंदी असेल तर ट्रेक रद्द, आडवाटेने नाही.

वर्गणी काढताना गाडीचं भाडं २० ने नाही, १७ ने भागा. दोन-तीन जण ऐनवेळी गळतातच, आणि तूट लीडरच्या खिशातून जाऊ लागली की क्लब फार दिवस चालत नाही. उरले तर परत करा. पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख जाहिरातीतच लिहा.

ट्रेकचा निरोप असा लिहावा:

"राजगड, पाली मार्गे चढ आणि उतार. रविवार. गाडी ४:४५ ला सुटेल, थांबणार नाही. चालणं साधारण ५ तास, चढ साधारण ६०० मीटर, मध्यम. फक्त बालेकिल्ला, सुवेळा-संजीवनी माच्या नाहीत. ११:३० पर्यंत पद्मावती माचीवर पोचलो नाही तर बालेकिल्लाही नाही. पाणी ३ लिटर, टॉर्च, ग्रिपचे बूट सक्तीचे. नसतील तर गाडीत घेतलं जाणार नाही."

६. सामान

पाणी: हिवाळ्यात माणशी ३ लिटर, मार्चनंतर ४. वर टाकं आहे म्हणून कमी घेऊ नका. टाक्याचं पाणी आणीबाणीसाठी, आणि तेही क्लोरीनची गोळी टाकून, पाकिटावर लिहिलेला वेळ थांबून.

टॉर्च प्रत्येकाकडे, एकदिवसीय ट्रेकलाही. मोबाईलचा टॉर्च मोजायचा नाही, कारण अडचणीत मोबाईलची बॅटरी फोनसाठी लागते. बूट खोल खाचांच्या तळव्याचे, आधी दोन-तीनदा वापरलेले. नवे कोरे बूट ट्रेकला घालणाऱ्याला अकरा वाजता फोड येतात. जुने, वर्षभर माळ्यावर पडलेले बूटही धोक्याचे, त्यांचा डिंक सुकून तळवा अर्ध्या वाटेत सुटतो. गटाकडे दोन मीटर लांबीची जाड चिकटपट्टी आणि सुतळी असू द्या.

जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, शिट्टी. पावसाळ्यात छत्रीऐवजी पोंचो, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. अत्तर, डिओ लावून येऊ नये, मोहोळ असलेल्या भागात ते महागात पडतं.

खाणं कोरडं: दशम्या, ठेपले, गुळपोळी, चिक्की, खजूर, खारे दाणे. दहीभात आणि रस्साभाजी डब्यातून सांडते आणि उन्हात आंबते.

गटाची प्रथमोपचार पिशवी: क्रेप बँडेज तीन, त्रिकोणी पट्ट्या दोन, निर्जंतुक गॉज, पोव्हिडोन आयोडीन, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, ओआरएसची दहा पाकिटं, पॅरासिटामॉल, आणि उष्णता धरून ठेवणारी चंदेरी चादर. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच टाकायचं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट घातलं तर ते फार खारट होतं आणि उलट त्रास देतं.

७. पायथ्याची दहा मिनिटं

चहा झाल्यावर गोल करून उभं राहा. प्रत्येकाला एक ते वीस असा क्रमांक द्या. मोजणी तोंडी क्रमांकाने होईल, डोकी मोजून नाही. डोकी मोजताना दुसऱ्या गटातला माणूस सहज आपला होतो. जोड्या लावा, एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं.

परतीच्या दोन्ही वेळा पुन्हा सांगा. शिट्टीचा संकेत शिकवा: मदत हवी असेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर तीन शिट्ट्यांचं. गंमत म्हणून शिट्टी वाजवायची नाही.

तपासा: बाटल्या उघडून बघा, विचारू नका. टॉर्च लावून दाखवायला सांगा. बुटाच्या नाड्या आणि तळवे बघा. ज्याच्याकडे सक्तीची वस्तू नाही तो पायथ्याला थांबेल. पहिल्यांदा हे वाईट वाटतं, पुढच्या ट्रेकला सगळे सामान घेऊन येतात.

८. चालताना

पहिली वीस मिनिटं मुद्दाम सावकाश. आघाडीवाल्याला बोलता बोलता चढता आलं पाहिजे. वीस मिनिटांनी थांबून जास्तीचे कपडे काढा, नाड्या बघा.

सगळ्यात सावकाश माणूस आघाडीच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. मागे टाकला की तो आणखी मागे पडतो.

विश्रांतीतली नेहमीची चूक: पुढचे थांबतात, दहा मिनिटं बसतात, शेवटचा धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्याला ती मिळतच नाही. विश्रांतीची घड्याळं शेवटचा माणूस बसल्यावर सुरू करा.

प्रत्येक फाट्यावर थांबा. मागचा माणूस दिसल्याशिवाय आणि त्याने आपल्याला पाहिल्याशिवाय फाटा सोडायचा नाही. झाडाला वाट दाखवणाऱ्या खुणा करायच्या तर कापडी फितीच्या, आणि उतरताना पिछाडीवाल्याने त्या काढून आणायच्या.

कातळटप्प्यावर एका वेळी एकच माणूस. दोन हात, दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले. खालचे सरळ रेषेत उभे राहू नयेत, बाजूला सरकावं. दगड सुटला तर "दगड!" एवढाच शब्द, मोठ्याने. तो ऐकून वर बघायचं नाही, कातळाला चिकटून डोकं झाकायचं.

पावसात ओढा ओलांडायचा तर पाणी गुडघ्याखाली असेल तरच, आणि ते गढूळ होऊ लागलं असेल तर अजिबात नाही. सह्याद्रीतले ओढे तासाभरात चढतात तसेच काही तासांत उतरतात, म्हणून थांबणं हाच उपाय. सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी अडवू शकतो. परतीच्या वाटेवर असा ओढा असलेला ट्रेक जोराच्या पावसात ठेवूच नका.

पठारावर धुकं आलं तर अंतर इतकं कमी करा की पुढच्याची पाठ हाताला लागेल. वाट हरवल्यासारखं वाटलं तर पुढे शोधत जाऊ नका, शेवटच्या नक्की माहीत असलेल्या खुणेपर्यंत मागे या.

९. अपघात झाला तर

आधी सगळ्यांना थांबवा आणि मोजणी करा. घाईत मदतीला धावणारा दुसरा घसरतो, हे वारंवार घडतं. जखमीजवळ प्रथमोपचाराचा माणूस आणि आणखी एक. बाकीच्यांना सपाट जागी बसवून ठेवा.

रेंज असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. निरोपात क्रमाने सांगा: नेमकी जागा, अक्षांश-रेखांशासह (मोबाईलवर ते रेंज नसतानाही मिळतात), जखमी किती, काय झालंय, शुद्धीवर आहे का, कोणत्या वाटेने पोचता येईल, तुमचा फोन. महाराष्ट्रात गिर्यारोहकांची शोध-बचाव पथकं आहेत, लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र त्यांतलंच. तुमच्या भागातल्या पथकाचा क्रमांक ट्रेकपूर्वी प्रत्येक जबाबदार माणसाच्या फोनमध्ये हवा. रेंज नसेल तर निरोप घेऊन दोघांनी जायचं, एकट्याने कधीच नाही, आणि तो निरोप कागदावर लिहून.

पथक पोचायला काही तास लागतात, ते धरूनच चाला. जखमीच्या अंगाखाली सॅक, दोर, काहीही घालून त्याला जमिनीपासून वेगळं करा आणि चंदेरी चादरीत गुंडाळा. थंडी खालून शिरते.

साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायचं नाही. तो अवयव हलणार नाही असा बांधून, माणसाला न चालवता, उचलून रुग्णालयात. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. आग्या माशा उठल्या तर चेहरा आणि मान झाकून वेगाने लांब जा, जागेवर बसून राहू नका, आणि कडा कुठे आहे याचं भान ठेवा.

१०. उतरल्यावर

क्रमांकाने मोजणी, मग गाडीत बसल्यावर पुन्हा एकदा. शहरातल्या माणसाला फोन. स्वतःच्या गाडीने आलेले परस्पर निघून जातात आणि त्यांना शोधत गट ताटकळतो, म्हणून पायथ्याला लीडरला सांगितल्याशिवाय कोणीही निघायचं नाही.

त्याच रात्री, लक्षात असताना, खऱ्या वेळा तक्त्यासमोर लिहा: माचीवर शेवटचा माणूस किती वाजता, बालेकिल्ल्याच्या रांगेत किती वेळ, कुठल्या फाट्यावर गोंधळ. तीन-चार ट्रेकनंतर तुमच्या क्लबचा स्वतःचा गुणाकार मिळतो, दीडचा असेल, पावणेदोनचा असेल. पुढचा आराखडा त्या आकड्याने करा. हिशेब दोन दिवसांत ग्रुपवर टाका, उरलेले पैसे परत करा, आणि वापरलेल्या पट्ट्या, ओआरएस प्रथमोपचार पिशवीत त्याच आठवड्यात पुन्हा भरा.